मधुचंद्राचा हातखर्च

लग्न ठरतं, तारीख निघते, आणि कार्यालय, केटरर, दागिने, मानपान यांच्या हिशोबात एक परदेशवारीही येऊन बसते. कोणी हाँगकाँगचं डिस्नेलँड ठरवतं, कोणी सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज. विमान, हॉटेल, व्हिसा, उद्यानाची तिकिटं, सगळ्यांचे आकडे ट्रॅव्हल एजंटच्या कोटेशनमध्ये छापलेले असतात. एकच आकडा त्यात नसतो. ‘वैयक्तिक खर्च समाविष्ट नाही’ अशी ओळ तळाशी असते आणि पुढचं त्या दोघांवर सोडलेलं असतं. या आकड्याला आपण हातखर्च म्हणतो, आणि त्यावर नीट विचार करण्याचं बहुतेक घरांत टाळलं जातं. ‘आयुष्यात एकदाच जायचंय, मोजू नका’ असं एक बाजू म्हणते. ‘एवढा पैसा पाळण्यात बसायला?’ असं दुसरी बाजू म्हणते. दोन्ही बाजू एकमेकींच्या विरुद्ध दिसतात, पण एका बाबतीत त्या सारख्याच आहेत: सुखासाठी खर्च करणं धर्माला धरून आहे का, आणि असेल तर त्याला माप का हवं, या प्रश्नाला दोघीही बगल देतात. माझं म्हणणं असं आहे की आपल्या परंपरांनी या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी दिलेलं आहे. सुखाला त्यांनी हक्काचा वाटा दिला आहे. तो वाटा दोघांनी मिळून आधी ठरवणं हेच त्या सुखाला धर्म्य करतं.

सुरुवात लग्नाच्या विधीपासूनच करायला हवी. कन्यादानाच्या वेळी वधूपिता वराला बजावतो की धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत हिला ओलांडू नकोस, आणि वर ‘नातिचरामि’ म्हणून शब्द देतो. मांडवात अक्षतांच्या गडबडीत या शब्दाकडे फारसं कोणाचं लक्ष नसतं. पण त्याचा अर्थ पाहण्यासारखा आहे. अतिचार म्हणजे ओलांडून पुढे जाणं, दुसऱ्याला मागे टाकून स्वतःचं तेवढं करणं. वचनात मोक्ष नाही, कारण तो ज्याचा त्यानं पाहायचा. उरलेले तीन पुरुषार्थ जोडीनं चालायचे, आणि त्यांत अर्थ मधोमध आहे. म्हणजे पैशाबद्दल एकमेकांशी बोलणं हे प्रेमाच्या आड येणारं काही तरी व्यावहारिक लचांड आहे, ही समजूत निदान विधी रचणाऱ्यांची नव्हती. वचन फक्त वराच्या तोंडी घातलं गेलं, ही त्या काळाची मर्यादा. आज दोघंही कमावतात, तेव्हा ते दोघांनी एकमेकांना दिलं असंच धरलं पाहिजे. मधुचंद्र हा या वचनाच्या कसोटीचा पहिला प्रसंग. खिशात अर्थ आहे, समोर काम आहे, विचारायला घरातलं मोठं माणूस जवळ नाही, आणि दर तासाला काही ना काही विकत घेता येईल अशी जागा आहे. इथे कोण कोणाला ओलांडतं, ते लगेच कळतं.

हाँगकाँगचंच उदाहरण धरू, कारण तिथल्या भूगोलानं हा प्रश्न डोळ्यांसमोर मांडून ठेवला आहे. लांताव बेटाच्या एका टोकाला १२ सप्टेंबर २००५ रोजी डिस्नेलँड सुरू झालं. त्याच बेटाच्या डोंगरावर, पो लिन मठासमोर, तिआन तान बुद्धाची चौतीस मीटर उंचीची कांस्यमूर्ती १९९३ पासून बसलेली आहे. २६८ पायऱ्या चढून मूर्तीपाशी जायला पैसे पडत नाहीत. खालच्या उद्यानात पाऊल टाकायलाही तिकीट लागतं. पर्यटक एक दिवस इकडे आणि एक दिवस तिकडे घालवतात, आणि एक जागा भोगाची, दुसरी त्यागाची, अशी वाटणी मनात करून टाकतात. पण बुद्धानं गृहस्थांना काय सांगितलं ते पाहिलं तर ही वाटणी टिकत नाही. दीघनिकायात राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला केलेला उपदेश आहे. त्यात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात घालण्यासाठी, आणि चौथा आपत्तीसाठी राखून ठेवायचा. उपभोगाचा भाग पहिल्यांदा येतो, आणि त्याबद्दल कुठलीही क्षमायाचना नाही. दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला केलेल्या उपदेशात तर तराजूची उपमा आहे. तराजू धरणाऱ्याला जसं पारडं किती झुकलं ते कळतं, तसं गृहस्थाला आपली आवक आणि जावक कळली पाहिजे. तुटपुंज्या मिळकतीवर चैन करणाऱ्याला लोक उंबर खाणारा म्हणतील, असं तिथे म्हटलं आहे. उंबराचं झाड गदागदा हलवायचं, खायची चार फळं आणि मातीत घालवायची चाळीस, असा तो माणूस. पण जवळ भरपूर असून भुकेला राहणाऱ्यालाही त्याच उपदेशात दोष दिला आहे. उधळ्या आणि कंजूष हे दोघंही बुद्धाच्या तराजूत चुकीच्याच बाजूला पडतात.

वैदिक परंपरेतही हीच दृष्टी दिसते. भागवताच्या आठव्या स्कंधात वामन बळीच्या दाराशी तीन पावलं जमीन मागतो, तेव्हा शुक्राचार्य बळीला सावध करताना संपत्तीचे पाच वाटे सांगतात: धर्मासाठी, यशासाठी म्हणजे कीर्तीसाठी, पुन्हा अर्थ वाढवण्यासाठी, कामासाठी आणि स्वजनांसाठी. असं वाटून खर्च करणारा इथेही आनंदात राहतो आणि परलोकीही, असं त्यांचं म्हणणं. कामसूत्राचं नाव घेतलं की लोक भलतीकडे पाहतात, पण त्याच ग्रंथात गृहिणीनं वर्षाची आवक मोजून त्या मानानं खर्च बेतावा, असं सांगितलेलं आहे. ज्या शास्त्रकारानं कामाला पुरुषार्थ म्हणून मांडलं, त्यानंच अंदाजपत्रकही सांगितलं. सुख आणि हिशोब यांच्यात वैर आहे, असं त्याला वाटलं नाही.

शुक्राचार्यांच्या यादीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की त्यांनी यश आणि काम यांचे वाटे वेगळे ठेवले. मधुचंद्राच्या हातखर्चात नेमकी हीच दोन खाती एकमेकांत मिसळतात. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये नोव्हेंबर २०२३ पासून ‘फ्रोझन’ या चित्रपटावरचा एक स्वतंत्र विभाग आहे. तो चित्रपट बघत मोठी झालेली नवरी तिथे खरोखर हरखून गेली, दोघांनी हात धरून तिथे संध्याकाळ काढली, तर तो खर्च कामाच्या खात्यातला, आणि त्या खात्याला तो शोभतो. पण मैत्रिणीनं समुद्राकडची खोली घेतली होती म्हणून आपणही तीच घ्यायची, किंवा स्टेटसवर टाकता येईल म्हणून महागड्या हॉटेलात न आवडणारं जेवण जेवायचं, तर तो खर्च यशाच्या खात्यातला. मावशीला परफ्यूम, ऑफिसात वाटायला चॉकलेटं, भाच्याला मिकीचे कान हा स्वजनांचा वाटा. प्रवासविमा आणि अडीअडचणीसाठी राखलेली रक्कम अर्थाच्या बाजूची. शुक्राचार्यांनी यशाला मनाई केलेली नाही, त्यालाही वाटा दिलाच आहे. तेव्हा दिखाव्यासाठी एक पैसाही जाऊ नये, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की तो खर्च यशाच्या खात्यात लिहावा. लिहिताना मनाला कळतं की एकमेकांच्या सुखासाठी म्हणून काढलेल्या पैशातला केवढा हिस्सा तिसऱ्याच्या डोळ्यांसाठी चालला आहे. मग ज्याला तो कमी करावासा वाटेल तो करील, कोणी सांगायची गरज पडणार नाही. हातखर्चाची यादी अशा रीतीनं आत्मपरीक्षणाची जागा होते. कीर्तनात सांगितलेलं आत्मपरीक्षण आपण ऐकून घरी जातो. हे मात्र स्वतःच्या हातानं वहीत उतरतं, म्हणून ते टाळता येत नाही.

आता पुढचा मुद्दा: हे माप आधीच का ठरवायचं? तिथे जाऊन, प्रसंग पाहून का नाही? याचं उत्तर या उद्यानांच्या इतिहासातच आहे. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात पहिलं डिस्नेलँड उघडलं तेव्हा दारावर थोडे पैसे घेत आणि आत प्रत्येक पाळण्याचे वेगळे. त्याच वर्षी तिकिटांची पुस्तिका आली. तिच्यात खेळांप्रमाणे अ, ब, क अशा प्रतीची तिकिटं असत, आणि कुठलं तिकीट कशावर फाडायचं याचा विचार प्रत्येक कुटुंबाला करावा लागे. १९८२ मध्ये ही पद्धत बंद झाली आणि एकाच तिकिटात सगळे खेळ आले. २०१३ पासून फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये मनगटावरचा पट्टाच खोलीची किल्ली झाला आणि पैसे भरण्याचं साधनही. खाऊ, खेळणी, टोपी, काहीही घ्यायचं असलं तरी हात पुढे केला की झालं. रांग टाळायची सोय १९९९ पासून फुकट होती, २०२१ पासून ती तिथे पैसे देऊन घ्यावी लागते. हाँगकाँगमध्येही अशी सशुल्क सोय आहे. यात कोणाचा कपटी डाव शोधायची गरज नाही, व्यवसाय तसाच चालतो. पण दिशा स्पष्ट आहे. पैसा हातातून जाताना जे क्षणभर थांबणं होतं, ते हळूहळू नाहीसं केलं गेलं. ड्रॅझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कार्डानं पैसे द्यायचे असले की लोक त्याच वस्तूला रोखीपेक्षा पुष्कळ जास्त बोली लावतात, असं आढळलं. म्हणजे तिथे गेल्यावर प्रसंग पाहून ठरवू असं म्हणणारी जोडी खरं तर निर्णय त्या जागेच्या हाती सोपवते. विवेक ऐन वेळी जागा होईल यावर कुठल्याच साधनामार्गानं भरवसा ठेवलेला नाही. म्हणून व्रताचा संकल्प आदल्या दिवशी किंवा पहाटे करतात, ताटावर बसल्यावर नाही.

आधी ठरवण्याचा दुसरा लाभ सुखाच्याच बाजूचा आहे, आणि ‘मोजू नका’ म्हणणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा. प्रेलेक आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९८ मध्ये लोकांना विचारलं की सुटीच्या प्रवासाचे हप्ते आधी भरायला आवडतील की नंतर. बहुतेकांनी आधी भरणं पसंत केलं. कपडे धुण्याच्या यंत्राबाबत मात्र बहुतेकांना नंतरचे हप्ते चालत होते. यंत्र पुढे कित्येक वर्षं उपयोगी पडत राहतं, सहलीचं सुख सहलीबरोबर संपतं, आणि संपलेल्या सुखाचे हप्ते भरणं जड जातं. बुद्धानं अनाथपिंडिक नावाच्या गृहपतीला गृहस्थाची चार सुखं सांगितली होती: जवळ असण्याचं, भोगण्याचं, ऋण नसण्याचं आणि निर्दोष असण्याचं. भोगसुखाला लागूनच अनृणसुख येतं. आज ‘आत्ता फिरा, नंतर भरा’ अशा जाहिराती नवविवाहितांच्या फोनवर रोज येतात. त्यांतलं कर्ज काढून केलेला मधुचंद्र या क्रमालाच सुरुंग लावतो, कारण दुसऱ्या सुखासाठी तिसरं गहाण पडतं, आणि संसाराचं पहिलं वर्ष मागच्या आठवणीचं भाडं भरण्यात जातं. या एका बाबतीत मला तडजोड मान्य नाही. हातखर्च कर्जाचा नसावा.

माप म्हणजे नेमकं काय, तेही थोडक्यात सांगायला हवं. समजा, चार दिवसांसाठी साठ हजार रुपये निघाले. त्यातले बारा-पंधरा हजार आपत्तीसाठी बाजूला, शक्यतो वेगळ्या कार्डावर. खाणं आणि फिरणं यांचा रोजचा अंदाज. भेटवस्तूंचा एक आकडा. हाँगकाँगमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे वस्तूवर लिहिलेली किंमत तीच शेवटची, पण बसून जेवायच्या बऱ्याच हॉटेलांत दहा टक्के सेवाशुल्क बिलात लागतं. तिथला डॉलर १९८३ पासून अमेरिकी डॉलरला ७.८० च्या आसपास बांधलेला आहे, म्हणून रुपया अमेरिकी डॉलरपुढे घसरला की हाँगकाँगही महाग होतं. आपल्या बँकांची बरीच कार्डं परकी चलनातल्या खर्चावर तीन-साडेतीन टक्के वर घेतात. साठ हजारांवर ते दोन हजार होतात. एवढं कळलं की माप व्यवहारात उतरतं. आणि या सगळ्यात एक वाटा असा हवा ज्याबद्दल दुसऱ्यानं काही विचारायचं नाही. दोघांना समान, मग पगार कोणाचाही कितीही असो. तिनं त्यात पाचवी बाहुली घेतली किंवा त्यानं सगळे पैसे नेमबाजीच्या खेळावर घालवले, तरी ‘कशाला?’ हा शब्द उच्चारायचा नाही. हा वाटा लहान असेल, पण माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण अतिचार उधळपट्टीनं होतो तसा कंजुषीनंही होतो. प्रत्येक कॉफीच्या वेळी रुपयांत गुणाकार करून दाखवणारा जोडीदारही वचन मोडतच असतो. माप आधी ठरलं की पहारा ठेवावा लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की प्रेम हिशोब करत नाही, बळीनं तरी कुठे शुक्राचार्यांचं ऐकलं? हा आक्षेप वजनदार आहे, आणि तो टाळून मला पुढे जायचं नाही. बळीनं गुरूचा सल्ला मोडला, सगळं दिलं, आणि पुराणानं त्यालाच मोठं ठरवलं. महाराष्ट्रात आजही त्याच्या नावाची प्रतिपदा साजरी होते, आणि त्याच दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते. पण बळीनं दिलं ते दारी आलेल्या याचकाला, स्वतःच्या मालकीचं, आणि दिलेल्या शब्दासाठी. मधुचंद्रात दोघं खर्च करतात तो स्वतःवर, आणि पैसा दोघांचा आहे. आपल्या सुखावर उधळण्याला दानाचं नाव दिलं तर बळीचं मोठेपण आपण फुकट वापरतो. शिवाय प्रेम हिशोब करत नाही हे खरं असलं, तरी तो हिशोब केल्या-दिल्याचा असतो, उपकारांचा असतो. आपल्याजवळ एकत्र मिळून काय आहे हे जाणून घेणं म्हणजे उपकार मोजणं नव्हे.

दुसरा आक्षेप त्याहून कठीण आहे. जगात इतकं दारिद्र्य असताना खोट्या किल्ल्यापुढे पैसे घालवणं मुळातच अनीतीचं आहे, माप लावून काय होतं? पीटर सिंगर या तत्त्वज्ञानं १९७२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ही बाजू फार समर्थपणे मांडली. दुसऱ्याचं मोठं दुःख आपण थोड्या त्यागानं टाळू शकत असलो, तर ते टाळणं हे कर्तव्यच, असा त्याचा मथितार्थ. याला पूर्ण उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी सांगता येतात. एक, परंपरेनं सांगितलेल्या वाट्यांत धर्माचा वाटाही आहे, आणि शुक्राचार्यांनी तो यादीत पहिला घेतला आहे. ज्या जोडीनं तो वाटा आधी काढला, घरातलं आजारपण आणि शिक्षण यांची तरतूद केली, तिच्या उरलेल्या सुखाकडे बोट दाखवायचा अधिकार दुसऱ्याला फार थोडा उरतो. जिनं नाही काढला, तिच्या बाबतीत आक्षेपक बरोबर आहे, आणि तिनं सहल लहान करावी. महाबळेश्वरच्या चार दिवसांतही कामाचा वाटा पूर्ण होतो. दोन, सुखाला मुळातच दोषी ठरवणारी नीती शेवटी गरिबालाच जाचते, कारण मग त्याच्या वाट्याला सुख आलं तरी लोक त्यालाच हिशोब विचारतात. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये बुद्धधम्माच्या भवितव्याविषयी लिहिताना धर्मानं दारिद्र्याला पवित्र मानू नये, अशी अट घातली होती. ज्यांच्या मागच्या पिढ्यांना जत्रेतल्या पाळण्यापुढेही थांबू दिलं गेलं नाही, त्यांची मुलगी आज नवऱ्याबरोबर विमानानं हाँगकाँगला जाते, तेव्हा तिला वैराग्य शिकवायला कोणी पुढे येऊ नये. सिगालाला सांगितलेला उपभोगाचा भाग तिचाही आहे.

तुकोबांचं नाव या संदर्भात अनेकदा उपभोगाच्या विरोधात घेतलं जातं, आणि ते पुरतं बरोबर नाही. धन सचोटीनं जोडावं आणि मनानं त्यात न अडकता ते वेचावं, अशी त्यांची शिकवण आहे. न अडकणं हे खर्च करणाऱ्याला सांगितलेलं आहे. स्वतः त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते, पण भावाच्या वाट्याची खतं त्यांनी त्याच्याकडे दिली. स्वतःचं सोडताना दुसऱ्याचं सोडायचा हक्क आपल्याला नाही, हे भान त्या प्रसंगात आहे. नवराबायकोनं पैशाचं बोलताना हेच भान ठेवायचं असतं.

हाँगकाँगचं उद्यान उभारताना आखणीकारांनी फेंगशुईच्या जाणकारांना विचारून प्रवेशद्वाराची दिशा बारा अंशांनी वळवली, स्थानकाकडून येणाऱ्या वाटेला मुद्दाम वळण दिलं, आणि उद्घाटनाचा दिवस शुभ पाहून धरला. हजारो लोकांच्या आनंदाची जागा बांधताना त्यांना माप आणि मुहूर्त यांचा संकोच वाटला नाही. तिथे आनंद घ्यायला जाणाऱ्या दोघांनी एका संध्याकाळी वही घेऊन बसायला संकोच का करावा?

शेवटी दोन्ही घरांतल्या मोठ्या माणसांना एक विनंती. आहेराची पाकिटं तुम्ही प्रेमानं दिलेली असतात आणि त्यांतलाच काही पैसा या हातखर्चात जातो, हे खरं. तरीही तो आकडा त्या दोघांना विचारू नका, आणि परत आल्यावर बॅगेतल्या पावत्या पाहू नका. ‘नातिचरामि’ हा शब्द तुमच्यासमोर दिलेला आहे. त्याचा पहिला हिशोब त्यांना दोघांनाच मांडू द्या.